अस्वलाच्या जरा डावीकडे

खिडकीतल्या मुलीने तीन कागद मांडले,
पत्त्यांचा डाव मांडावा तसे.
ही पाच तासांची. गाइड बोलतो, खाऊचा डबा मिळतो.
ही आठ तासांची. डबा तोच, बोलणं जास्त.
आणि हिच्यात पडदे आहेत, आजोबा,
ड्रायव्हर कॅमेरा रोखतो आणि दोन मैलांवरची मेंढी
तुमच्या मांडीवर बसल्यासारखी दिसते.

आर्लो म्हणाला, टीव्ही घरी आहे.

एकतीस वर्षं आम्ही हीलीत, इथून अकरा मैलांवर.
तो कोळशाच्या खाणीत, मी शाळेच्या स्वयंपाकघरात,
आणि ही बस दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर.
पाहुणे आले की त्यांना या दारापर्यंत सोडायचो,
जा, अस्वलं बघून या, म्हणायचो,
आणि परतताना दूध घ्यायचो.
मूस हरणं तर आमच्याच कोबीत शिरायची.
तिकीट कशाला काढायचं?

आता त्याच्या नजरेच्या मधोमध
एक राखाडी डाग आहे, अंगठ्याएवढा.
कडा शाबूत आहेत.
फेअरबँक्सच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, जे पाहायचंय
त्याच्याकडे सरळ पाहू नका. शेजारी पाहा.
तेव्हापासून तो माझ्या कानाशी बोलतो,
आणि मी, इतक्या वर्षांनी,
केस नीट मागे घेते.

मुलीला यातलं काही सांगितलं नाही.
ती विचारत होती, डावीकडची जागा की उजवीकडची?
जाताना दरी डावीकडे असते. काहींना चालत नाही.
मी विचारलं, अस्वल नक्की दिसेल अशी कुठली?
ती हसली. दातांना तारा होत्या.
तशी बस नाही, म्हणाली,
असती तर मीच गेले असते.

मग चौथा कागद, जो तिने काढलाच नव्हता:
हिरवी बस. शाळेतून निवृत्त झाल्यासारखी.
खायला काही नाही, समजावणारं कुणी नाही,
पण सांगाल तिथे उतरता येतं
आणि मागून येणारी पकडता येते. जागा असली तर.
जागा असली तर, हे तिने दोनदा सांगितलं.
आर्लोने पाकीट काढलं.

चाकावर व्हिल्मा एव्हन, नेनानाची.
माझी आजी या ओढ्याकाठी बेरी वेचायची,
एवढंच एकदा म्हणाली, तेही आरशाला.
देनाली ढगात होता. तो असतोच ढगात.
टेकड्या लाल होऊ लागलेल्या,
खाली नदी, सुतासुताने उसवलेली,
आणि काचेवर कुणाच्या तरी नाकाचा ठसा.

कुणीतरी ओरडलं, थांबा!
चाळीस माणसं एका बाजूला कलली. बससुद्धा, थोडीशी.
कुठे? तिथे. तो तर खडक. खडक हलला!
माझ्या चांगल्या डोळ्यांना खडकच दिसत राहिला.
आर्लो डोंगराकडे बघतच नव्हता.
समोरच्या सीटचं फाटकं रेक्झिन न्याहाळत
हळूच म्हणाला, दोन आहेत.
लहान मागे राहिलंय.

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली.
अस्वलाच्या जरा डावीकडे, नुसत्या झुडपाकडे पाहिलं,
काहीच नको असल्यासारखं.
आणि कडेला काहीतरी तपकिरी
वळून आईची वाट बघायला लागलं.

पुढच्या पुलापाशी आम्ही उतरलो.
वारा असा की बोलणं तोंडातच परत यायचं.
रस्त्याची धूळ बसली, आणि मग
आवाज करणारे आम्ही दोघंच उरलो,
त्याचा गुडघा आणि माझा थर्मास.

पहिली बस भरलेली होती.
दुसरी तासाभराने आली, दार उघडलं,
ड्रायव्हरने एक बोट वर केलं. एकच जागा.
आर्लोने त्या बोटाच्या शेजारी पाहिलं,
चांगलं निरखून पाहिलं,
आणि म्हणाला,
भरलेली दिसते गं.